घरात जपलेली मोटार आणि समाजाचा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले उभे राहतात, ताम्रपट येतात, मोडी दफ्तरांचे रुमाल येतात. मोटारगाडी येत नाही. ती कालपरवाची वस्तू, तिचा इतिहास तो काय असणार, असे आपण धरून चालतो. परंतु मुंबईच्या रस्त्यावर पहिल्या मोटारी १८९८ साली धावल्या. म्हणजे या वाहनाला आपल्या प्रांतात सव्वाशे वर्षे होऊन गेली. एवढ्या काळात गावे कशी जवळ आली, बाजार कसे हलले, टांगेवाल्याचा धंदा कसा बसला आणि मिस्त्री नावाचा नवा कारागीर कसा उदयाला आला, हा सारा समाजाचा इतिहासच आहे. मात्र त्याची साधने फार झपाट्याने नाहीशी झाली. बखरीचा कागद निदान वाळवी खाईपर्यंत टिकतो. जुन्या मोटारीला तेवढाही धीर मिळत नाही. ती बंद पडली की भंगारवाला दारात उभा राहतो आणि लोखंडाच्या भावाने इतिहास तोलून नेतो.

मग जे थोडे उरले ते कोणी राखले? बहुधा सरकारी संग्रहालयांनी नव्हे, तर काही घराण्यांनी आणि काही हौशी माणसांनी. अशा घरगुती संग्रहालयांचे मोल कशात आहे आणि त्यांना धोका कोठून आहे, हा आजचा विषय. त्यासाठी मी आपल्याला तापीकाठावरून पंचगंगेच्या काठी नेणार आहे. अंतर पुष्कळ आहे. पण वाहने, जुन्या वस्तू आणि त्या जपणारे कुटुंब ही तिन्ही एकाच आवारात पाहावयाची, तर महाराष्ट्रात कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याइतके बोलके उदाहरण सहसा मिळत नाही.

हा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. मेजर मँट या इंग्रज स्थापत्यकाराने त्याचा आराखडा केला. काळा घडीव दगड, मध्ये घड्याळाचा मनोरा आणि देशी-विलायती शैलींचा मिलाफ, असे त्याचे रूप आहे. तळमजल्यावर शहाजी छत्रपतींच्या नावाने संग्रहालय आहे आणि वरच्या मजल्यावर छत्रपतींचे कुटुंब राहते. ही मांडणी लक्षात ठेवण्याजोगी आहे. खाली पोशाख, शस्त्रे, हत्तीवरील चांदीचा साज, भरतकाम, शिकारीची चिन्हे, छायाचित्रे. वर नांदते घर. पाहणारा जिन्याच्या पायथ्याशी उभा असतो तेव्हा इतिहास आणि वर्तमान यांच्यात एका छताचेच अंतर असते.

या घराण्याच्या वाहनांकडे पाहिले तरी एक शतक उलगडते. १८८४ साली दत्तक आलेले आणि १८९४ साली राज्याधिकार हाती घेतलेले शाहू महाराज घोड्यांचे मोठे जाणकार. त्यांचा ‘खडखडा’ कोल्हापूरकरांच्या तोंडी आजही आहे. घोडे जोडलेला तो मोठा उघडा गाडा महाराज स्वतः हाकीत. त्यात बसलेला राजा रयतेला दिसे आणि रयत राजाला दिसे. १८९१ साली मिरजेहून कोल्हापूरला आगगाडी आली, तरी गावोगावी जावयाचे ते चाकाच्या गाडीनेच. १९२२ साली राजाराम महाराज गादीवर आले आणि त्यांच्या कारकिर्दीत घोड्यांच्या जागी मोटार आली. त्या काळाची साक्ष म्हणजे ‘बीएमके १’ या क्रमांकाची छत्रपतींची मेबॅक मोटार.

मेबॅक हे नाव आपल्याला दूरचे वाटेल, म्हणून थोडे सांगतो. विल्हेल्म मेबॅक हा डाइमलरचा सहकारी, पहिल्या मर्सिडीज गाडीचा रचनाकार. त्याने आपला मुलगा कार्ल याच्यासह १९०९ साली जो कारखाना काढला, तो मोटारींसाठी नव्हता. झेपेलिनच्या प्रचंड वायुनौकांना एंजिने पुरविण्यासाठी होता. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरला आणि १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने त्या देशाच्या विमानबांधणीवर बंधने आली. कारखान्यापुढे प्रश्न पडला की आता करायचे काय? त्यांनी मोटारीकडे मोर्चा वळविला आणि १९२१ साली आपली पहिली गाडी लोकांपुढे मांडली. दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्यांनी जेमतेम अठराशेच्या आसपास गाड्या तयार केल्या. त्यांतली एक कोल्हापुरात आली. म्हणजे पहा, युरोपातील एका तहाचा धागा करवीरच्या राजवाड्याच्या अंगणापर्यंत पोहोचतो. वस्तूचे मूळ शोधू लागलो की इतिहास असा दूरवर हात पसरतो.

परंतु या गाडीचे खरे महत्त्व तिच्या दुर्मिळपणात नाही. दसऱ्याच्या दिवशी ती बाहेर पडते, हे तिचे महत्त्व. सायंकाळी दसरा चौकात अंबाबाईची पालखी येते, तुळजाभवानीची आणि गुरुमहाराजांची पालखी येते, आणि छत्रपती या मोटारीतून सीमोल्लंघनाला येतात. शमीपूजन होते, सोने लुटले जाते. जमलेल्या हजारो लोकांना गाडीचा कारखाना ठाऊक नसतो, एंजिनाची अश्वशक्ती ठाऊक नसते. परंतु ती आली म्हणजे दसरा झाला, हे लहान मुलालाही ठाऊक असते. काचेआड ठेवलेली वस्तू आपण पाहतो. वापरात राहिलेली वस्तू आपण ओळखतो. या दोहोंत मोठा फरक आहे, आणि हा फरक टिकविणे कुटुंबाला जसे साधते तसे कचेरीला साधत नाही.

सर्वच संस्थानिक गाड्यांच्या नशिबी हे भाग्य नव्हते. १९४९ साली कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. इतर संस्थानेही त्याच सुमारास भारतात मिसळून गेली. १९७१ च्या घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले. ज्या मोटारखान्यांत एकेकाळी डझनांनी गाड्या आणि त्यांच्या दुप्पट नोकर होते, तेथे पेट्रोलचाही खर्च परवडेना. कित्येक गाड्या विकल्या गेल्या, कित्येक परदेशी गेल्या, कित्येक चिंचेखाली सडल्या. पुढे सरकारने जुन्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध घातले. काही घराण्यांनी निराळा मार्ग काढला. उदयपूरच्या मेवाड घराण्याने २००० साली आपला जुना मोटारखानाच लोकांना पाहण्यासाठी खुला केला. आपल्याला जवळ असलेल्या गुजरातेत, अहमदाबादेजवळ कठवाड्याला, मुंबईचे उद्योगपती प्राणलाल भोगीलाल यांच्या शंभराहून अधिक गाड्यांचा संग्रह उभा राहिला. तेथे राजघराणे नव्हते. एका व्यापारी माणसाची हौस होती आणि ती पुरविण्याची ऐपत होती.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. राजांच्या मोटारी पाहून आम्ही धन्य का व्हावे? संस्थानांत सरकारी तिजोरी आणि खाजगी तिजोरी यांमधील भिंत पुष्कळदा पातळ असे. ज्या शेतकऱ्याने सारा भरला, त्याच्या पायात वहाण नव्हती. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच मी म्हणतो की गाडी जपावी. पण तिची गोष्ट अर्धी सांगू नये. पाटीवर मालकाचे नाव असते, कारखान्याचे असते, साल असते. जो ड्रायव्हर पहाटे उठून हँडल मारीत असे, जो क्लीनर पितळ घाशीत असे, ज्या मिस्त्रीने विलायती भाग मिळेना तेव्हा गावच्या लोहारशाळेत तो घडवून घेतला, त्यांची नावे कोठे असतात? त्या नावांवाचून संग्रहालय म्हणजे श्रीमंतीचे प्रदर्शन. त्या नावांसह ते समाजाचे दफ्तर होते.

शिवाय जपणे हे काही पुण्याईने होत नाही. उभ्या गाडीचे रबर तडकते, टायर एका बाजूने बसतो, टाकीतील पेट्रोल चिकट होते, लाकडी सांगाड्याला कीड लागते, तारांवरील वेष्टण उंदीर खातात. गाडी अधूनमधून चालू ठेवावी लागते आणि ती चालविणारा जाणता हात लागतो. फार चकाकविली तर मूळ रंग जातो. हात लावला नाही तर गंज खातो. एक पिढी हे प्रेमाने करते, दुसरी कर्तव्य म्हणून करते. तिसरीला वाटणीचा प्रश्न पडतो. घरगुती संग्रहाला खरा धोका चोराकडून नाही. तो वारसांच्या दुराव्यातून आणि नोंदींच्या अभावातून येतो.

या प्रश्नाचे एक थोर उत्तर पुण्यात मिळते. दिनकर गंगाधर केळकर, म्हणजेच कवी अज्ञातवासी, यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करण्यास आरंभ केला. दिवे, अडकित्ते, वाद्ये, दारे, स्वयंपाकघरातील भांडी. राजाच्या नव्हे तर घराघरांतील वस्तू. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले आणि वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दुःख घरचे होते, ठेव सर्वांची झाली. कोल्हापूरच्या घराण्याने वस्तू स्वतःकडे ठेवून दार उघडे केले; केळकरांनी दारासह वस्तूच देऊन टाकल्या. मार्ग दोन, परंतु दोन्हींत एक गोष्ट समान आहे: घरच्या आठवणीवर समाजाचा हक्क मानणे.

कायद्यानेही अलीकडे या बाजूला लक्ष दिले आहे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राहिलेल्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, फेरी आणि दुरुस्ती यांसाठी ती रस्त्यावर आणता येते. भंगार आणि वारसा यांत फरक आहे, हे यामुळे निदान कागदावर मान्य झाले.

आता शेवटी आपल्या घरी येऊ. १९९८ साली नंदुरबारचा स्वतंत्र जिल्हा झाला, परंतु वाटांचे हे ठाणे फार जुने आहे. १९०० च्या सुमारास सुरतेहून अमळनेरपर्यंत तापी खोऱ्याची आगगाडी आली ती येथूनच. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस. टी. धावली, त्यापूर्वी आणि त्यानंतरही काही काळ खाजगी सर्व्हिस मोटारी हाच सामान्य माणसाचा आधार होता. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. अक्कलकुव्याकडील काठीच्या राजवाडी होळीत मोरपिसांचे टोप, कमरेचे घुंगरू आणि मोठे ढोल अजून वापरात आहेत. कोल्हापूरच्या मोटारीप्रमाणेच त्याही वर्षातून ठरल्या दिवशी बाहेर पडणाऱ्या वस्तू आहेत, आणि त्यांना जपणारी घरेही आहेत.

आपल्याकडे मेबॅक नसेल. परंतु कोणाच्या खळ्यात जुनी दमणी असेल, कोणाकडे घोड्याचा साज, कोणाकडे आजोबांचे मोटार हाकण्याचे लायसन, कोणाकडे सर्व्हिस मोटारीची पावतीपुस्तके. माझी विनंती एवढीच की वस्तू विकण्यापूर्वी तिची नोंद करा. ती कोणी घेतली, कोणी वापरली, कोणी दुरुस्त केली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. लोखंड पुन्हा मिळेल. सांगणारे माणूस पुन्हा मिळत नाही. संग्रहालयाची इमारत कधी होईल तेव्हा होवो, त्याचे पहिले दालन ही वहीच आहे.