परिधेय आरोग्यसाधने : विद्यार्थ्यांचे अभिकल्पप्रकल्प

मनगटावर, गळ्यात वा वस्त्रांत धारण करून शरीराची स्थिती मोजणारी, तिची नोंद राखणारी अथवा शरीराचे रक्षण करणारी जी साधने अभिकल्प, अभियांत्रिकी व वैद्यक या शाखांचे विद्यार्थी अध्ययनाचा भाग म्हणून घडवितात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. नाडी, चाल व झोप मोजणारी मनगटी पट्टी हा त्यांतील सर्वपरिचित प्रकार होय. परंतु ती विजेवर भारित करावी लागते व तिची आकडेवारी मोबाइलमार्फत पुढे जाते, आणि जेथे या दोन्ही गोष्टींची शाश्वती नाही तेथे तिचा उपयोग फारच थोडा उरतो.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका हा असाच मुलूख आहे. 1956 पर्यंत मुंबई राज्यात मोडणारा हा तालुका पूर्वी सुपा या नावाने ओळखला जाई. काळी नदीवरील धरणाच्या जलाशयात सुपा गाव बुडाले आणि तालुक्याची कचेरी जोयड्यास आली. सुमारे 1,900 चौरस किलोमीटर क्षेत्रात पन्नास हजारांच्या आसपास लोक, तेही कोकणी-मराठी बोलणाऱ्या कुणब्यांच्या विखुरलेल्या वाड्यांत राहणारे, आणि पुष्कळसा प्रदेश काळी व्याघ्रप्रकल्पाच्या अरण्याखाली. रेंजसाठी टेकाड चढावे लागते, आणि कारवारच्या जिल्हा रुग्णालयास जावयाचे तर कुंभारवाड्यावरून अणशीचा घाट उतरावा लागतो. अशा ठिकाणी टिकेल तेच साधन खरे, या कसोटीस उतरण्याजोगे दोन विद्यार्थिप्रकल्प विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिला ‘खुशी बेबी’. अमेरिकेतील येल विद्यापीठात 2014 साली रुचित नगर व त्याच्या सहाध्यायांनी एका अभ्यासक्रमात बालकांच्या लसीकरणाची नोंद साठविणारे पदक तयार केले आणि ते राजस्थानात उदयपूरच्या परिसरात ‘सेवा मंदिर’ या संस्थेच्या साहाय्याने वापरून पाहिले. पदकातील चकतीत स्वतःची बॅटरी नसते. आरोग्यसेविकेने मोबाइल जवळ धरला की त्याच्याच लहरींतून चकतीला क्षणभर पुरेशी वीज मिळते, आणि कोणती लस केव्हा टोचली याचा सारा तपशील, रेंज नसतानाही, वाचता व लिहिता येतो. पदक ओवले ते काळ्या दोऱ्यात, कारण दृष्ट लागू नये म्हणून बाळाच्या गळ्यात काळा दोरा बांधण्याची तेथील चाल आहे. आपल्याकडील आयांनाही हा दोरा परका नाही. लसीकरणाचे कार्ड पावसात भिजते, स्थलांतरात हरवते. गळ्यातला दोरा मात्र आई सहसा काढीत नाही, आणि या साध्या निरीक्षणात या अभिकल्पाचे मर्म आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. 2015 साली युनिसेफच्या परिधेय साधनांच्या स्पर्धेत हा प्रकल्प विजेत्यांपैकी एक ठरला. पुढे ‘खुशी बेबी’चा भर पदकापेक्षा आरोग्यसेविकांच्या संगणकीय दप्तरावर अधिक गेला.

दुसरा ‘एम्ब्रेस’, 2007 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एका अभ्यासवर्गात जन्मलेला. अपुऱ्या दिवसांच्या बालकांना ऊब देणारी काचेची पेटी स्वस्तात करावयाची या हेतूने विद्यार्थी नेपाळात गेले, तेव्हा रुग्णालयातील पेट्या रिकाम्या दिसल्या. अपुऱ्या दिवसांची बहुतेक बालके दूरच्या खेड्यांत जन्मत, आणि पेटीपर्यंत पोहोचतच नसत. त्यांनी मग पेटीचा विचार सोडून बाळाला लपेटण्याची लहानशी पिशवी केली. तिच्या पाठीशी मेणासारख्या पदार्थाची एक थैली सरकविलेली असते; तापवून वितळविलेला हा पदार्थ पुन्हा घट्ट होताना आपली अप्रकट उष्णता हळूहळू सोडतो व सुमारे 37 अंश सेल्सियस तपमान चार ते सहा तास राखतो. घाटातून रुग्णालय गाठावयास लागणारा वेळ ध्यानी घेतला म्हणजे या तासांचे मोल कळते. पुढे हे विद्यार्थी बंगळूरास येऊन राहिले व तेथूनच त्यांनी हे कार्य चालविले.

महाराष्ट्रात मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्र (1969) व तेथेच 2014 साली सुरू झालेले ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचे केंद्र या कामी अग्रेसर आहेत. ‘बेटिक’मध्ये अभियंते, अभिकल्पक व वैद्य एकत्र बसून काम करतात.

जोयड्यासारख्या तालुक्यासाठी साधन घडवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने कागदावर पहिली रेघ ओढण्यापूर्वी पावसाळ्यातील चार दिवस कुंभारवाडा ते अणशी या वाटेवर आरोग्यसेविकेच्या सोबत काढावेत, आणि तिच्या पिशवीत काय भिजते व काय कोरडे राहते ते आधी पाहावे.