संकेतस्थळाचा मालक आणि प्रताधिकार : बुलढाणा जिल्ह्यातील उदाहरणांवरून

प्रताधिकार, म्हणजे व्यवहारात रूढ असलेला कॉपीराइट, हा कृतीवरचा कायद्याने ठरवून दिलेला आणि कालमर्यादित असा हक्क होय. कृतीची प्रत काढणे, ती प्रसिद्ध करणे, तिचे भाषांतर वा रूपांतर करणे आणि ती लोकांपर्यंत पोहोचवणे, या क्रिया स्वतः करण्याचा किंवा इतरांना करू देण्याचा अनन्य अधिकार त्यात येतो. भारतात त्याचे नियमन १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाने होते. हा अधिनियम २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. २०१२ साली त्यात व्यापक दुरुस्त्या झाल्या. कृती निर्माण होताच हक्क उत्पन्न होतो. नोंदणी ऐच्छिक आहे आणि 'सर्व हक्क राखीव' ही ओळ छापण्याचीही सक्ती नाही. ती ओळ नव्हती म्हणून मजकूर उचलला, हा बचाव त्यामुळे टिकत नाही.

या व्याख्येतून पहिला भेद निघतो. संरक्षण अभिव्यक्तीला मिळते. कल्पनेला आणि वस्तुस्थितीला मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट केले. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळच्या घटमांडणीला ते लावून पाहावे. अक्षय्य तृतीयेला घट मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाऊस-पिकाचे भाकीत सांगितले जाते. भाकीत काय होते ही वस्तुस्थिती आहे. ती कोणीही स्वतःच्या शब्दांत द्यावी. त्यावर वार्ताहराने लिहिलेली बातमी मात्र अभिव्यक्ती आहे आणि घटाचे छायाचित्र ही आणखी वेगळी कृती आहे. बातमी जशीच्या तशी उतरवून खाली वृत्तपत्राचे नाव दिल्याने परवानगी मिळाली असे होत नाही. श्रेय देणे आणि अनुमती घेणे ही दोन भिन्न कर्तव्ये आहेत.

दुसरा भेद कृतींच्या प्रकारांचा. अधिनियम साहित्य, नाट्य, संगीत व कला या कृती, चित्रपट आणि ध्वनिमुद्रण असे प्रकार मानतो. संगणकप्रणालीची गणना साहित्यकृतीत होते. संकेतस्थळाच्या एकाच पानावर यांतले अनेक प्रकार एकत्र येतात आणि प्रत्येकाचा स्वामी व मुदत निराळी असू शकते. या विषयातले बहुतेक घोटाळे पानाला एकच वस्तू समजल्यामुळे होतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. म्हणून हा भाग विस्ताराने पाहणे अवश्य आहे.

साहित्यकृतीची मुदत लेखकाच्या हयातीपर्यंत आणि मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून पुढे साठ वर्षे अशी आहे. मूळ अधिनियमात पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या कृतींची मुदत १९९१ अखेर संपत आली, तेव्हा ती साठ करण्यात आली. शेगावच्या गजानन महाराजांचे चरित्र असलेला 'श्रीगजानन विजय' हा एकवीस अध्यायांचा ग्रंथ दासगणू महाराजांचा. त्यांचे देहावसान १९६२ साली झाले. साठ वर्षे १ जानेवारी १९६३ पासून मोजायची. ३१ डिसेंबर २०२२ रोजी ती पूर्ण झाली. हक्क मधल्या काळात कोणाकडेही असो, गणना लेखकाच्या मृत्यूवरूनच होते. आज मूळ ओव्या संकेतस्थळावर देण्यास प्रताधिकाराची आडकाठी नाही. पण नव्या आवृत्तीतील प्रस्तावना, टीपा व चित्रे, अलीकडची भाषांतरे आणि पारायणाची ध्वनिमुद्रणे या स्वतंत्र कृती आहेत. मूळ ग्रंथ मुक्त झाला म्हणून त्या मुक्त होत नाहीत.

याच्या उलट स्थिती मेहकरचे वकील-कवी ना. घ. देशपांडे यांच्या 'शीळ' या कवितेची. जी. एन. जोशी यांनी गायिलेली तिची ध्वनिमुद्रिका १९३० च्या दशकातली आहे. ध्वनिमुद्रणाची मुदत प्रकाशनापासून साठ वर्षे, म्हणून त्या तबकडीवरचा हक्क कोणत्याही गणनेने केव्हाच संपला. कवी मात्र २००० साली निवर्तले. शब्दांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०६० पर्यंत राहील. चालीची मुदत संगीतकाराच्या मृत्यूवरून वेगळी मोजावी लागते. जुनी तबकडी मुक्त, तिच्यातले शब्द बद्ध. संकेतस्थळावर ती वाजवायची तर शब्दांच्या हक्कधारकांची अनुमती हवीच.

शासकीय कृतींचा नियम आणखी निराळा. नेल्सनने संपादित केलेले जिल्ह्याचे १९१० चे गॅझेटियर मुक्त आहे. महाराष्ट्र शासनाची १९७६ ची सुधारित आवृत्ती मात्र प्रकाशनापासून साठ वर्षे, म्हणजे २०३६ अखेरपर्यंत, शासनाच्या हक्कात आहे. राजपत्रातील मजकूर पुनर्मुद्रित करण्याची सूट कायदा देतो. जिल्हा गॅझेटियर हे राजपत्र नव्हे, म्हणून ती सूट त्याला लागू होत नाही.

आता स्वामित्वाचा प्रश्न. प्रथम स्वामी कर्ता असतो. नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा प्रथम स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, मालक असतो. लोणारच्या एखाद्या निवासगृहाने मोबदला देऊन सरोवराची छायाचित्रे काढून घेतली, तर वेगळा करार नसल्यास ती निवासगृहाची. परंतु त्याच निवासगृहाने बाहेरच्या व्यावसायिकाकडून संकेतस्थळ बनवून घेतले, तर प्रणाली व मजकूर त्या व्यावसायिकाचाच राहतो, पूर्ण पैसे चुकते केले असले तरी. पैसे देणाऱ्याला स्वामी मानणारी तरतूद छायाचित्र, चित्र, व्यक्तिचित्र, उत्कीर्णन व चित्रपट यांपुरती आहे. अन्य कृतींसाठी लेखी व स्वाक्षरीत हस्तांतरण लागते. त्यात हक्क, काळ आणि प्रदेश नमूद करावेत. काळ न लिहिल्यास पाच वर्षे आणि प्रदेश न लिहिल्यास भारत, एवढेच गृहीत धरले जाते. जगभर दिसणाऱ्या संकेतस्थळाला हे फारच अपुरे आहे. पावतीलाच करार मानणाऱ्यांनी ही तरतूद काम सोपवण्यापूर्वीच वाचलेली बरी. हस्तांतरणानंतरही कर्त्याला नामनिर्देशाचा आणि कृतीच्या विकृतीला हरकत घेण्याचा हक्क उरतो.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले आणि असंख्य छायाचित्रे फिरली. फिरणे म्हणजे मुक्त होणे नव्हे. ज्याच्याकडून चित्र आपल्या भ्रमणध्वनीवर आले तो बहुधा त्याचा स्वामी नसतो.

अपवाद थोडे आणि नेमके आहेत. समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त आणि वैयक्तिक अभ्यास यांसाठी न्याय्य वापर मान्य आहे. वास्तूचे छायाचित्र काढणे व प्रसिद्ध करणे हा भंग नाही. सिंदखेड राजाच्या राजवाड्याचे छायाचित्र स्वतः काढून खुशाल द्यावे. एखाद्या मंदिरात छायाचित्रणाला बंदी असेल तर ती प्रवेशाची अट ठरते. तिचा प्रताधिकाराशी संबंध नाही.

भंग जाणूनबुजून केला असेल तर तो अपराध आहे : सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड; धंद्यातील लाभासाठी भंग झाला नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. इतरांच्या मजकुराचे दुवे किंवा आनुषंगिक साठवण पुरवणाऱ्याला कायदा निराळे वागवतो. हक्कधारकाची लेखी तक्रार आल्यावर त्याने ३६ तासांत तो मजकूर २१ दिवसांसाठी बंद करावा. तेवढ्या मुदतीत तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा खुला करता येतो. स्वतः चढवलेल्या मजकुराला ही सवलत नाही.