होलोग्राफिक साइट मंद का पडते? बॅटरीपासून दमट हवेपर्यंतची कारणे

पबजी किंवा बीजीएमआय खेळणाऱ्यांना 'होलो साइट' चांगलीच ओळखीची असते. चौकोनी काच, त्यात लाल वर्तुळ आणि मधोमध ठिपका. गेममधली ही खूण कधी मंद होत नाही. खऱ्या साइटची मात्र होते, आणि मंद खुणेमुळे नेम धरायला उशीर होऊ शकतो.

डहाणू आणि तलासरीसारख्या भागात हा प्रश्न समजून घेणे सोपे जाते. डहाणूत तटरक्षक दलाचे केंद्र आहे, तलासरी तालुक्यातल्या झाईला मच्छीमारांची वस्ती आहे. खारी हवा आणि पावसाळ्यातला दमटपणा काच, बॅटरी आणि तारांचे काय करतो, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. बोटीवरचा टॉर्च असो की कपाटातली दुर्बीण, ओलावा आत शिरला की बिघाड सुरू होतो.

साइट काम कशी करते?

होलोग्राफीचा शोध डेनिस गॅबोर यांनी 1940च्या दशकात लावला. त्यासाठी 1971 साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. बंदुकीवर बसणारी होलोग्राफिक साइट 1996 मध्ये अमेरिकेच्या बाजारात आली. ती इओटेक या कंपनीने विकसित केली होती.

साइटच्या आत छोटा लाल लेझर असतो. त्याचा प्रकाश आरशांवरून होलोग्रामवर पडतो आणि त्यात नोंदवलेली खूण डोळ्याला समोरच्या लक्ष्यावर असल्यासारखी दिसते. या खुणेला रेटिकल म्हणतात. खुणेची माहिती होलोग्रामभर पसरलेली असल्याने काचेचा काही भाग फुटला तरी उरलेल्या भागातून ती दिसू शकते. साध्या रेड डॉट साइटमध्ये एलईडी असतो. लेझरला त्यापेक्षा जास्त वीज लागते, म्हणून होलोग्राफिक साइटची बॅटरी लवकर संपते.

मंद दिसत असेल तर काय तपासतात?

सर्वात आधी शस्त्र रिकामे असल्याची खात्री केली जाते. त्यानंतर सोप्या कारणापासून अवघड कारणाकडे जायचे.

1. ब्राइटनेस: भर उन्हात रेटिकल फिके वाटणे स्वाभाविक आहे. आधी बटणाने प्रकाश वाढवून पाहतात. काही मॉडेलमध्ये नाइट व्हिजनसाठी वेगळे बटण असते. ते चुकून दाबले गेले तर खूण साध्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाही.

2. बॅटरी: नवी बॅटरी घालून पाहणे ही सर्वात स्वस्त चाचणी. दोन बॅटऱ्या लागत असतील तर एक जुनी आणि एक नवी घालू नये.

3. संपर्कपट्ट्या: गळलेल्या अल्कलाइन बॅटरीमुळे किंवा खाऱ्या हवेमुळे धातूच्या पट्ट्यांवर हिरवा-पांढरा थर चढतो आणि वीज नीट पोचत नाही. तो कोरड्या कापडाने किंवा इअरबडने हलक्या हाताने काढतात. साइट बरेच दिवस वापरायची नसेल तर बॅटरी काढून ठेवावी.

4. काच: तेल, बोटांचे ठसे आणि मिठाचे सुकलेले थेंब प्रकाश अडवतात. आधी धूळ उडवायची, मग लेन्सच्या मऊ कापडाने पुसायचे. धूळ असतानाच घासले तर काचेवर चरे पडतात.

5. गॉगल: लेझरचा प्रकाश ध्रुवीकृत असतो. त्यामुळे पोलराइज्ड गॉगलमधून काही कोनांत खूण फिकी दिसू शकते. गॉगल काढून पाहिले की लगेच कळते.

हे सगळे करूनही मंदच?

मग अंधाऱ्या खोलीत पूर्ण ब्राइटनेसवर साइट पाहावी. नवी बॅटरी असूनही खूण फिकी किंवा तुटक दिसत असेल तर दोष आतला आहे. लेझर थकला असेल किंवा सील गेले असेल. या साइट हवाबंद केलेल्या असतात. सील गेले की ओलावा शिरतो आणि होलोग्रामचा नाजूक थर बिघडतो. हा बिघाड घरी दुरुस्त होत नाही. साइट उघडली तर उरलेले सीलही जाते, म्हणून ती उत्पादकाकडेच पाठवावी लागते.

2015 चे प्रकरण

हा दोष किती गंभीर ठरू शकतो, ते अमेरिकेत दिसले. उणे 40 ते 60 अंश सेल्सिअस तापमानात आणि दमट हवेतही आपल्या साइट चालतात, असे इओटेकचे म्हणणे होते. थंडीत आणि दमट हवेत त्या तशा चालत नाहीत हे ठाऊक असूनही कंपनीने त्या सैन्याला विकल्या, असा आरोप अमेरिकी सरकारने केला. तापमान बदलल्यावर नेम सरकतो, हे एफबीआयने स्वतंत्रपणे शोधून काढले होते. नोव्हेंबर 2015 मध्ये इओटेक आणि तिची मालक कंपनी एल-3 यांनी 2 कोटी 56 लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. ग्राहकांनाही पैसे परत देण्याची योजना जाहीर झाली.

दमट भागात काळजी कशी घेतात?

पावसाळ्यात साइट, दुर्बीण किंवा कॅमेरा बंद चामडी पेटीत ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवणे चांगले. पुड्या ओलावा शोषून भरल्या की बदलाव्यात. समुद्रावरून आल्यावर मीठ सुकण्याआधी बाहेरचा भाग किंचित ओल्या कापडाने पुसून कोरडा करावा. आणि महिन्यातून एकदा तरी साइट अंधारात सुरू करून पाहावी, म्हणजे दोष वेळेत लक्षात येतो.