‘विकारविलसित’ आणि सद्गुणाची कसोटी

इंग्रजी काव्याच्या सहवासाने मराठी वाङ्मयाला काय लाभले, असे विचारले असता आपण बहुधा रूपांची यादी देतो. केशवसुतांनी १८९२ साली सुनीत आणले, भावकवितेला नवे वळण लागले, इत्यादी. परंतु त्या काव्यातून मनुष्यस्वभावाकडे व सद्गुणाकडे पाहण्याची जी दृष्टी आपल्याकडे आली, तिचा विचार क्वचितच होतो. गोपाळ गणेश आगरकरांचे ‘विकारविलसित’ हा त्या दृष्टीचा महत्त्वाचा दाखला होय.

कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली टिळक व आगरकर यांना शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांचे १०१ दिवस गेले. त्या मुक्कामात शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे भाषांतर आगरकरांच्या हाती होते, १८८३ साली ते प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी महादेवशास्त्री कोल्हटकरांनी ‘ऑथेल्लो’ (१८६७) मूळ नावानेच मराठीत आणले होते आणि विष्णु मोरेश्वर महाजनींनी ‘सिंबेलाइन’ला ‘तारा’ (१८७९) हे नाव दिले होते. आगरकरांनी मात्र व्यक्तीचे नाव बाजूस ठेवून नाटकाला मनोविकारांचे नाव दिले.

या नावात मोठा अर्थ आहे. विकार म्हटले की आपल्याला षड्रिपू आठवतात, आणि रिपूंना जिंकावयाचे असते. ‘विलसित’ या शब्दाने आगरकर सांगतात की जिंकण्यापूर्वी त्यांचा खेळ नीट न्याहाळा. मनाशी चाललेले युद्ध मराठीला अपरिचित होते असे नव्हे. तुकोबांच्या अभंगांत ते पदोपदी दिसते. परंतु तेथे मन आणि देव समोरासमोर उभे असतात. येथे मन घरातील व राजसभेतील माणसांमध्ये सापडले आहे.

या नाटकातील दोन स्थळे शिक्षकांनी विशेष मनन करावीत. मुलगा परदेशी निघाला असता पोलोनियस त्याला जो उपदेश करतो, त्यातील वचने पुढे सुभाषितांप्रमाणे पाठ केली गेली. तथापि हाच पिता पुढे त्याच मुलावर पाळत ठेवण्यासाठी नोकर पाठवितो, आणि पडद्याआड लपून दुसऱ्यांचे बोलणे ऐकत असता प्राणास मुकतो. वचने खोटी नाहीत. पण ती उच्चारणाऱ्याला त्यांनी तारले नाही. दुसरे स्थळ क्लॉडियसच्या प्रार्थनेचे. बंधुहत्येचे पाप त्याला पुरते कळते, पश्चात्तापाची इच्छाही होते. मात्र त्या पापाने मिळालेले राज्य व राणी सोडवत नाहीत, म्हणून प्रार्थना वर पोचत नाही. दुर्जनालाही विवेक असतो, आणि केवळ विवेक असून भागत नाही, हे कवीने एकाच प्रसंगात दाखविले आहे.

बुद्धिवादी आगरकरांना विचारी असूनही कृतीपाशी अडखळणाऱ्या नायकाचे नाटक का भावले असावे? मला वाटते, ज्ञान आणि आचरण यांमधील अंतर हाच त्यांच्याही चिंतनाचा विषय होता. ते अंतर त्यांनी स्वतःपुरते मिटविले. मोठ्या पगाराची आशा धरू नये, असे त्यांनी विद्यार्थिदशेतच आईला कळविले होते. पुढे सुधारणेच्या आग्रहापायी जिवंतपणीच निघालेली आपली प्रेतयात्रा त्यांना पाहावी लागली. तरी १८८८ साली सुरू केलेला ‘सुधारक’ त्यांनी सोडला नाही. १८९५ साली वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षाच्या आतच ते निवर्तले. इकडे शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी यांनी चंद्रसेनाच्या, म्हणजे मराठी हॅम्लेटच्या, भूमिकेत प्रेक्षकांवर विलक्षण छाप पाडली.

महाराष्ट्रात काय किंवा आमच्या उधना-सुरतेकडील मराठी शाळांत काय, कविता शिकवून झाली की आपण तात्पर्य विचारतो, आणि विद्यार्थी एक वाक्य लिहून मोकळा होतो. तात्पर्य असू नये असे मी म्हणत नाही. पण ते वाक्य कोणाच्या तोंडचे, कोणत्या प्रसंगातले, आणि बोलणारा त्याप्रमाणे वागला काय, हे तीन प्रश्न त्यापुढे विचारावेत. त्यांवाचून नीतिपाठ हा पोलोनियसचा उपदेश ठरतो. त्यांसह तो मनुष्यस्वभावाचा अभ्यास होतो. आगरकरांनी आपल्या भाषांतराला दिलेल्या नावातच या अध्यापनपद्धतीचे सूत्र आहे.