यंत्र रानात, माणूस गावात

हौशी रेडिओ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा आकाशवाणीच उभी राहते. म्हणून आरंभीच खुलासा केलेला बरा. आकाशवाणीचा श्रोता ऐकतो. हौशी रेडिओवाला ऐकतो आणि उत्तरही देतो. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, सरकारी परवाना घ्यावा लागतो, ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होणारे संकेतनाव मिळते. मग निपाणीचा माणूस घरच्या यंत्रावरून नागपूरशी, आणि हवा अनुकूल असली तर जपानशीही बोलतो. या बोलण्यातून पैसा मिळवायचा नाही, एवढी अट. या अव्यापारी पंथातला मी एक आहे.

पंथ चालवणे मात्र आता गावात कठीण झाले आहे. चाळीस मीटरच्या पट्ट्यावर बोलायचे तर सुमारे वीस मीटर लांबीची तार उंचावर ताणावी लागते. बेळगावच्या सदनिकेत एवढी तार कुठे ताणणार? ताणलीच, तर शेजारचे इन्व्हर्टर, स्वस्तातले एलईडी दिवे आणि लिफ्टच्या मोटारी यांची खरखर दूरच्या आवाजाला गिळून टाकते. त्यावर आजच्या काळाने तोड काढली आहे. यंत्र आणि तार गावाबाहेर, एखाद्या टेकडीवरच्या शेतघरात ठेवायची आणि इंटरनेटच्या जोडणीने घरी बसून ते यंत्र चालवायचे. तवंदी घाटाच्या बाजूला एखाद्या मित्राचे शेत असले, तर बेळगावातल्या खुर्चीत बसून निपाणीच्या माळावरून बोलता येते. कळ इथे दाबायची, आवाज तिथून जायचा.

सोय नवी असली तरी तिच्या पोटातला प्रश्न जुना आहे. माणसाने आपल्या यंत्रापासून किती दूर असावे? आपल्या मुलखाच्या आसपासचाच इतिहास पाहिला तर या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे सापडतात.

पहिले उत्तर म्हैसूरचे. तिथल्या विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी एक लहानसे प्रक्षेपण केंद्र उभारले. त्याचे नाव होते ‘आकाशवाणी’. पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीने हेच नाव घेतले. कानडी मुलखातल्या एका प्राध्यापकाच्या घरातला शब्द मराठी घरांतही इतका रुळला की तो कुठून आला हे कुणी विचारीत नाही. दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांनी तरी हे लक्षात ठेवावे. या केंद्रात माणूस आणि यंत्र एकाच छपराखाली नांदत होते. लपण्याचे कारण नव्हते, म्हणून अंतराची गरजही नव्हती.

ती गरज मुंबईत १९४२ साली उत्पन्न झाली. महायुद्ध सुरू होताच, १९३९ मध्ये, सरकारने हौशी मंडळींचे परवाने रद्द केले होते आणि यंत्रे जमा करण्याचे हुकूम काढले होते. अशा काळात ‘चले जाव’च्या ठरावानंतर काही दिवसांतच उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आदी तरुणांनी ‘काँग्रेस रेडिओ’ सुरू केला. लहरीची लांबी ४२.३४ मीटर. हिशोब केला तर ती सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ भरते, म्हणजे आज आम्ही हौशी लोक ज्या पट्ट्यावर गप्पा मारतो तोच हा पट्टा. तिथे त्या वेळी देशाच्या स्वातंत्र्याची भाषा बोलली जात होती, हे आठवले की माझा हात नकळत जपून फिरतो.

पोलिसांच्या शोधक गाड्या लहरीच्या दिशेने माग काढीत. म्हणून या मंडळींनी जागा पुन्हा पुन्हा बदलल्या आणि आणखी एक शहाणपण केले. मजकूर एका ठिकाणी ध्वनिमुद्रित करायचा आणि प्रक्षेपण दुसऱ्या ठिकाणाहून करायचे. आवाज आणि यंत्र यांची अशी फारकत झाली. पण त्या काळी दोहोंना जोडणारी तार म्हणजे तबकडी घेऊन जाणारा माणूसच होता. अखेर ठिकाण फुटले ते एका तंत्रज्ञाकडून. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलीस आले तेव्हा उषाताई यंत्रापाशीच होत्या. त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. चौकशीत त्यांनी तोंड उघडले नाही. आवाज देशभर पोचवणाऱ्या बाईने त्या वेळी मौन पाळले.

तिसरे उत्तर आपल्या अगदी अंगणातले, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी गोवामुक्तीसाठी एक भूमिगत रेडिओ सुरू झाला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे तो चालवीत. कोकणी आणि पोर्तुगीज या दोन भाषांत तो बोले. दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये मुक्त झाली, तेव्हा हाती आलेले बिनतारी संच दुरुस्त करून त्यांचे प्रक्षेपण यंत्र बनवले होते. ते आधी आंबोलीच्या रानात होते, नंतर कॅसलरॉकच्या. बेळगावकरांना आंबोली ठाऊक आहे ती पावसाळी सहलीमुळे आणि कॅसलरॉक लोंढ्याच्या पुढे गाडी घाट उतरू लागते त्या स्थानकामुळे. पोर्तुगीज अमलात ते आपल्या बाजूचे शेवटचे स्थानक होते. त्यापुढे परक्यांचे राज्य.

जागेची निवड अचूक होती. सह्याद्रीच्या कड्यावरून खाली गोवा पसरलेला. पण या यंत्राला दूरवरून चालवणारी कसलीही सोय नव्हती. म्हणून माणसांनाच यंत्रापाशी जावे लागले आणि ती तिथे राहिली, थोडीथोडकी नव्हेत, सहा वर्षे. आंबोलीचा पाऊस ज्याने अनुभवला आहे त्याला जळवा, ओल आणि दिवसचे दिवस न दिसणारे ऊन यांचे वर्णन करून सांगायला नको. मजकूर लिहायचा, यंत्र राखायचे, बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोर्तुगीज प्रचाराला उत्तर मिळत राहिले ते या नेमामुळे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तेव्हा याच दोघांनी विमानात ध्वनिक्षेपक लावून गोव्यावर फिरत ती वार्ता सांगितली. रानातला आवाज शेवटी आकाशातून आला. वामन सरदेसाई यांना १९९२ साली पद्मश्री मिळाली. लिबियाबाईंना ती २०२५ मध्ये जाहीर झाली, तेव्हा त्यांनी शंभरावे वर्ष गाठले होते.

आकाशाचा उल्लेख आला म्हणून आणखी एक टप्पा सांगतो. ५ मे २००५ रोजी इस्रोने हौशी रेडिओसाठी ‘हॅमसॅट’ हा छोटा उपग्रह सोडला. तो चालवण्याचे हुकूम बंगळुरूहून जात. यंत्र शेकडो किलोमीटर उंच आणि माणूस जमिनीवर. २०१४ पर्यंत या उपग्रहाने काम केले. अंतराची याहून मोठी मजल हौशी माणसाला कुठे मिळणार?

आता पुन्हा टेकडीवरच्या शेतघराकडे वळू. तिथे काय काय लागते? रेडिओ संच, तार, त्याला जोडलेला छोटा संगणक, भरवशाचे इंटरनेट, वीज गेली तर चालणारी बॅटरी, आणि वळिवाच्या विजा कडाडू लागल्या की तार यंत्रापासून वेगळी करणारी व्यवस्था. परवान्यावर केंद्राची जागा नोंदलेली असते, तेव्हा ती बदलण्याआधी परवानगीचे पाहावे लागते. एवढे सगळे पैशाने आणि कागदांनी जमते.

खरा कस लागतो तो एका गोष्टीत. मी बोलत असताना मधली जोडणी तुटली तर? मी घरी हताश, आणि तिकडे यंत्र सुरूच; सगळा पट्टा अडवून बसलेले. म्हणून यंत्र बंद करण्याचा दुसरा, स्वतंत्र मार्ग ठेवावा लागतो. अमेरिकेच्या नियमांत तर असे आहे की दुवा बिघडला तर तीन मिनिटांच्या आत प्रक्षेपण थांबेल अशी तजवीज केंद्रातच हवी. मला हा नियम फार आवडतो. धनी हरवला तर यंत्राने गप्प बसावे, एवढेच तो सांगतो. बोलण्याची जबाबदारी माणसाची. ती घेणारा कुणी नसेल तर आवाजही नसावा.

उषाताईंनी ती जबाबदारी तुरुंगात जाऊन निभावली, सरदेसाई आणि लिबियाबाईंनी रानात राहून. आम्हाला ती खुर्चीत बसून निभवायची आहे, एवढाच काय तो फरक. काम सोपे झाले म्हणून ते हलके झाले असे समजू नये. पुढच्या पावसाळ्यात मुलाबाळांना घेऊन आंबोलीला जाल, तेव्हा धबधब्यापाशी भजी खाता खाता त्यांना मागचे रान दाखवा आणि सांगा, इथून एके काळी दोन भाषांत एक देश बोलत होता.