स्त्री-मताधिकार : पांढुर्णा व सौंसर
पूर्वीच्या मध्य प्रांतातील छिंदवाडा जिल्ह्याच्या (२०२३ पासून पांढुर्णा जिल्हा) या मराठीबहुल भागातील स्त्रियांना मिळालेला विधिमंडळासाठीच्या मतदानाचा हक्क. १९१९ च्या कायद्याने निर्णय प्रांतिक कौन्सिलांवर सोपवला. मद्रास व मुंबईने १९२१ मध्ये बंदी उठवली, मध्य प्रांताने १९२७ मध्ये (पहा : मध्य प्रांत व वऱ्हाड). मालमत्तेच्या अटीमुळे हा हक्क मात्र बहुतांशी कागदावरच राहिला. ही अट पुरुषांनाही होतीच, असा आक्षेप घेता येईल. पण जमीन बहुधा पुरुषाच्या नावे असल्याने तीच अट स्त्रियांना जवळपास वगळणारी ठरे. १९३५ च्या कायद्याने मतदाराची पत्नी वा विधवा आणि साक्षर स्त्री यांना पात्र ठरवले, ही त्याचीच कबुली होय. १९३७ मध्ये अनसूयाबाई काळे प्रांतिक विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या (पहा : काळे, अनसूयाबाई). सरसकट हक्क १९५० मध्ये संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने आला (पहा : प्रौढ मताधिकार). तरीही पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ‘अमक्याची बायको’ एवढीच ओळख सांगणाऱ्या, मुख्यतः उत्तर भारतातील, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली.