धोतरा, मांजर आणि डोळ्यांतले थेंब

परवा डोळे तपासायला गेलो. थेंब घालून अर्धा तास बसवून ठेवले. बाहेर आलो तर कोहक्याचा रस्ता उन्हात पांढराफटक, आणि मोबाइलवरचे नातवाचे नावही वाचता येईना. घरी येईपर्यंत आजचा विषय ठरला होता.

डोळ्याच्या बाहुलीभोवती दोन स्नायू असतात. एक बटव्याच्या नाडीसारखा तिला आवळतो, दुसरा सायकलच्या आऱ्यांसारखा बाहेर ओढतो. आवळणाऱ्याला मज्जातंतूंचा निरोप पोचवते अ‍ॅसिटिलकोलीन. अ‍ॅट्रोपीन तो निरोप अडवते आणि बाहुली सैल पडते. फिनाइलेफ्रिन उलट दुसऱ्या स्नायूला जोर देते. तपासणीला बहुधा ट्रॉपिकामाइड वापरतात, ते काही तासांत उतरते. अ‍ॅट्रोपीनचा अंमल मात्र आठवडाभरही राहतो.

आपल्याकडे हे द्रव्य महादेवाच्या धोतऱ्यातच आहे. धोतऱ्याचा हात डोळ्याला लावू नको, असे आजी दटावायची, ते उगाच नव्हे. १९व्या शतकात याच्या बिया अन्नात घालून वाटसरूंना लुटत. नॉर्मन चेव्हर्सच्या १८५६च्या न्यायवैद्यक ग्रंथात त्याची चर्चा आहे. युरोपात बेलाडोना, म्हणजे 'सुंदर स्त्री': मोठ्या बाहुल्यांसाठी बायका तिचा रस डोळ्यांत घालत. (हौसेला मोल नाही!) १८१९ साली रुंगे नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने मांजराच्या डोळ्यात असा अर्क घालून कवी गटेला बाहुली मोठी झालेली दाखवली. गटेने खूश होऊन त्याला कॉफीच्या बिया दिल्या. रुंगेने त्यांतून कॅफिन वेगळे काढले. शुद्ध अ‍ॅट्रोपीन १८३०च्या दशकात हाती आले.

मला हे नाव शिकवले ते डोळ्यांच्या डॉक्टरांनी नव्हे, फौजेने. रासायनिक युद्धाच्या प्रशिक्षणात सांगत: नर्व्ह गॅस लागला की बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, तोंडाला फेस येतो, श्वास कोंडतो, मुखवटा चढवा, मांडीत अ‍ॅट्रोपीन टोचा. सुदैवाने मला ती सुई कधी वापरावी लागली नाही.

पुढे २०१७ साली यवतमाळच्या बातम्या आल्या. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉसही होते; ते नर्व्ह गॅसच्याच कुळातले, आणि त्यावर उतारा तोच, अ‍ॅट्रोपीन. आम्हाला मुखवटा, पोशाख, सुई, सारे सरकारी खर्चाने मिळे. फवारणाऱ्यांपैकी कित्येकांच्या नाकाला साधा रुमालही नव्हता.